नैराश्यावर अळंबीचा उपचार : हुआउत्लापासून आजच्या चाचण्यांपर्यंत

ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून खास परवानगी मिळालेले मानसोपचारतज्ज्ञ नैराश्याच्या काही रुग्णांना सायलोसायबिन लिहून देऊ शकतात. औषधं बदलून पाहिली तरी उतार पडत नाही, अशा रुग्णांपुरतीच ही मुभा आहे. सायलोसायबिन हे काही जातींच्या अळंबीत सापडणारं, मनाची अवस्था काही तासांसाठी पार बदलून टाकणारं रसायन. बातम्यांत याचा उल्लेख 'नवा उपचार' असा होतो. पण आजारी माणसासाठी ही अळंबी घ्यायची आणि तिचा अंमल उतरेपर्यंत रात्रभर त्याच्या सोबतीला बसायचं, ही रीत मेक्सिकोच्या डोंगराळ भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. रसायन शोधणाऱ्यांची नावं पाठ्यपुस्तकांत गेली. ज्या गावातून ते आलं त्याच्या वाट्याला काय आलं, ते फारसं कुणी सांगत नाही.

सोळाव्या शतकात स्पॅनिश मिशनरी बेर्नार्दिनो दे साहागुन यानं तिथले लोक मधाबरोबर अळंबी खातात आणि त्यांना दृश्यं दिसतात, असं लिहून ठेवलं होतं. चर्चला हा सैतानाचा कारभार वाटला, त्यामुळे ही प्रथा डोंगरात लपून राहिली. ती इतकी लपली, की १९१५ मध्ये विल्यम सॅफर्ड या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञानं अशी अळंबी नाहीच, स्पॅनिश लोकांनी सुकवलेल्या निवडुंगालाच अळंबी समजून घोळ घातला, असं ठासून सांगितलं. १९३०च्या दशकाच्या शेवटी रिचर्ड इव्हान्स शुल्टीस या हार्वर्डच्या तरुण संशोधकानं ओअहाका राज्यातल्या हुआउत्ला दे हिमेनेस या गावातून नमुने आणले, तेव्हा सॅफर्डचं म्हणणं खोटं ठरलं.

या गावात मारिआ साबिना ही मासातेक जमातीची वैदू राहायची. २९ जून १९५५च्या रात्री गॉर्डन वॉसन हा न्यूयॉर्कचा बँक अधिकारी छायाचित्रकाराला घेऊन तिच्यापुढे बसला. मुलाची खुशाली कळत नाही, काळजी वाटते, असं त्यानं सांगितलं होतं. ती थाप होती, हे पुढे त्यानंच कबूल केलं. अळंबी जोडीजोडीनं मोजून वाटली गेली, मेणबत्त्या विझवल्या आणि काळोखात मारिआ साबिना पहाटेपर्यंत गात राहिली. तिच्या लेखी अळंबी म्हणजे 'पवित्र लेकरं'. रोग कुठला आणि त्यावर काय करायचं, हे तीच तिला सांगत.

मे १९५७ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकात वॉसनचा लेख आला आणि ही गोष्ट जगभर गेली. लेखात मारिआ साबिनाचं नाव बदललं होतं, पण त्यानं तिचा ठावठिकाणा लपला नाही.

या हकिकतीत वॉसनच्या बायकोचं नाव कायम मागे पडतं, याचं मला वाईट वाटतं. वालेन्तिना पावलोव्ना वॉसन ही रशियात जन्मलेली बालरोगतज्ज्ञ. अळंबीचं वेड मुळात तिचं. लग्नानंतर रानात फिरताना तिनं अळंबी गोळा केली आणि नवरा भीतीनं हात लावेना, तिथून दोघांचा शोध सुरू झाला. 'लाइफ'पाठोपाठ, त्याच महिन्यात, दुसऱ्या एका साप्ताहिकात तिचाही लेख आला. त्यात तिनं डॉक्टरच्या नजरेनं लिहिलं, की यातलं रसायन वेगळं काढता आलं तर दारूचं व्यसन, मनाचे आजार, मरणाच्या दारातल्या रुग्णांच्या यातना यांवर त्याचा उपयोग होऊ शकेल. पुढच्याच वर्षी ती कॅन्सरनं गेली. संशोधकांना कॅन्सरच्या रुग्णांपर्यंत पोचायला आणखी कित्येक दशकं लागली.

रसायन वेगळं काढलं ते आल्बर्ट हॉफमन यांनी, स्वित्झर्लंडच्या बाझेलमध्ये, सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत. पॅरिसचे कवकतज्ज्ञ रॉजर हाइम यांनी मेक्सिकोतली जात आपल्याकडे वाढवून वाळलेले नमुने पाठवले होते. प्राण्यांवरच्या प्रयोगांतून काहीच नीट कळेना, तेव्हा हॉफमन यांनी ३२ वाळलेल्या अळंब्या, म्हणजे जेमतेम २.४ ग्रॅम, स्वतःच खाऊन पाहिल्या. परिणाम जोरदार झाला. १९५८ मध्ये सायलोसायबिन हे नाव शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं आणि लवकरच सँडोझ त्याच्या गोळ्या संशोधकांना पुरवू लागली.

१९६२ मध्ये हॉफमन त्या गोळ्या घेऊन खुद्द मारिआ साबिनाकडे गेले. गोळ्या विरघळून अंमल चढायला वेळ लागला, तेव्हा आधी तिथली मंडळी नाराज झाली. सकाळी मात्र तिनं सांगितलं, की यात अळंबीचीच शक्ती आहे. पावसाळा सरला आणि अळंबी मिळेनाशी झाली तरी आता लोकांवर उपचार करता येतील. मला हा या इतिहासातला सगळ्यात मोलाचा प्रसंग वाटतो. कृत्रिम गोळीला तिनं कमी लेखलं नाही. तिला काळजी होती ती आजाऱ्याची.

तोवर हुआउत्लाची वाट परदेशी तरुणांनी तुडवायला सुरुवात केली होती. त्यांना कसला आजार नव्हता. त्यांना देव बघायचा होता. गावात पोलीस आले, गावकऱ्यांनी मारिआ साबिनाला दोष दिला, तिचं घर जाळलं. अल्वारो एस्त्रादा या मासातेक लेखकाला तिनं नंतर आपली जीवनकथा सांगितली. परके आले आणि लेकरांची ताकद गेली, ही तिची खंत त्यात आहे. १९८५ मध्ये ती गरिबीतच वारली.

अमेरिकेत हार्वर्डच्या टिमथी लिअरी या मानसशास्त्रज्ञाचा सायलोसायबिनवरचा प्रकल्प वादात सापडून बंद पडला, १९६३ मध्ये त्यांची नोकरी गेली आणि १९६५ मध्ये सँडोझनं पुरवठा थांबवला. १९७०च्या अमेरिकी कायद्यानं सायलोसायबिनला वैद्यकीय उपयोग शून्य असलेल्या पदार्थांच्या यादीत टाकलं, १९७१च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानं जगभर कुलूप लावलं. आपल्याकडच्या १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतही ते आहे, त्यामुळे अशी अळंबी जवळ बाळगणाऱ्यावर भारतात गुन्हा दाखल होऊ शकतो.

कुलूप उघडलं ते मुख्यतः बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात. रोलंड ग्रिफिथ्स यांनी २००६ मध्ये ३६ निरोगी स्वयंसेवकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०१६ मध्ये हॉपकिन्सनं ५१ आणि न्यूयॉर्क विद्यापीठानं २९ कॅन्सर रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले: एका मोठ्या डोसनंतर मरणाची धास्ती आणि नैराश्य कमी झालं आणि बऱ्याच जणांत ते सहा महिन्यांनीही कमीच होतं. वालेन्तिनानं लिहिलं होतं ते हेच. त्याच वर्षी लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या १२ रुग्णांवरच्या पहिल्या छोट्या प्रयोगाचे निष्कर्ष आले.

या चाचण्यांची खोली दवाखान्यासारखी नसते. सोफा, मंद दिवे, डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत आणि शेजारी प्रशिक्षित माणसं. आधी काही बैठका ओळख आणि तयारीच्या, नंतर काही बोलून घेण्याच्या. ही पद्धत थेट मासातेकांकडून उचलली, असं नाही. ती १९५०-६०च्या दशकांत एलएसडी या तशाच मन बदलणाऱ्या रसायनानं केलेल्या उपचारांतून आली. पण रात्रभर गाणारी वैदू आणि पाच-सहा तास उठून न जाणारा थेरपिस्ट यांचं काम एकच आहे. शरीरात सायलोसायबिनचं सायलोसिन होतं आणि ते मेंदूतल्या सेरोटोनिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाच्या एका ठराविक ग्राहीला (रसायन जिथे बसतं त्या जागेला) चिकटतं, एवढं नक्की. त्यातून नैराश्य नेमकं कसं हलतं, यावर अजून वाद आहेत.

आकडे आशादायक आहेत, चमत्कार सांगणारे नाहीत. २०२१ मध्ये एस्सिटालोप्रॅम या नेहमीच्या गोळीशी ५९ रुग्णांत तुलना झाली, तेव्हा मुख्य मोजपट्टीवर ठोस फरक दिसला नाही. २०२२ मध्ये कंपास या ब्रिटिश कंपनीनं २३३ रुग्णांवर चाचणी केली. २५ मिलिग्रॅम घेतलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना तीन आठवड्यांनी चांगला गुण आला, नाममात्र १ मिलिग्रॅम घेतलेल्यांत १८ टक्क्यांना. काही रुग्णांत आत्महत्येचे विचार आणि स्वतःला इजा करण्याचे प्रकारही नोंदले गेले. शिवाय आपल्याला खरं औषध मिळालं की नाही हे रुग्णाला तासाभरात कळतं, त्यामुळे आशेचा वाटा वेगळा काढणं अवघड जातं. सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) किंवा बायपोलर आजार असलेल्यांना या चाचण्यांत सहसा घेतच नाहीत. म्हणून चालू गोळ्या सोडून अळंबीच्या शोधात तमिळनाडूतल्या कोडाईकनालची वाट धरणाऱ्यांबद्दल ऐकलं की मला भीती वाटते. पावसाळी रानातली भूछत्रं ओळखण्यात चूक झाली तर यकृत निकामी होतं, तो धोका वेगळाच.

कंपासकडे आपल्या कृत्रिम सायलोसायबिनच्या स्फटिकरूपाची पेटंटं आहेत. मराठी वाचकाला इथे हळद आठवेल. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेनं १९९५ मध्ये दिलं आणि रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेनं जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन १९९७ मध्ये ते रद्द करवलं. हुआउत्लाला तो रस्ता नाही. पेटंट अळंबीवर किंवा उपचाराच्या जुन्या रीतीवर असतं, तर पूर्वापार ज्ञानाचा पुरावा दाखवता आला असता. इथे ते एका स्फटिकावर आहे, आणि तो स्फटिक मासातेकांना ठाऊक होता असं कुणालाच सिद्ध करता येणार नाही. त्यामुळे औषध उद्या बाजारात आलं, तरी त्याच्या कमाईतला वाटा त्या गावाला द्यायचा की नाही, हे आजच्या घडीला कंपन्यांच्या मर्जीवर आहे.