यूआययूसीला जायचंय? मेजर, ऑनर्स आणि हॉस्टेलची प्रक्रिया, पात्रता, कागदपत्रं

दिवाळीच्या आसपास पुण्या-नाशिकहून आणि इकडच्या शिकागोच्या मराठी मंडळातूनही विचारणा सुरू होते, आणि बहुतेक आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो हॉस्टेलचा, म्हणजे रूम बरी असेल ना, पार्टनर कसा मिळेल, व्हेज जेवणाचं काय. साहजिक आहे. पण युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉय अर्बाना-शँपेनच्या (म्हणजेच यूआययूसीच्या) बाबतीत हा प्रश्न सगळ्यात शेवटचा आहे. रूम एका वर्षाने बदलते, ऑनर्समध्ये नंतरसुद्धा जाता येतं, पण मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय, जे फॉर्ममध्ये लिहिलं ते बऱ्यापैकी कायमचं होऊन बसतं. त्यामुळे डोकं आधी तिथे लावा.

इथे ॲडमिशन नुसती युनिव्हर्सिटीत मिळत नाही, ती मिळते एका कॉलेजमधल्या एका मेजरला. ग्रेंजर म्हणजे इंजिनिअरिंग, गीझ म्हणजे बिझनेस, एलएएस म्हणजे आर्ट्स आणि सायन्स, एसीईएस म्हणजे शेती आणि पर्यावरणवालं कॉलेज, अशी बरीच आहेत आणि प्रत्येकाचा दरवाजा वेगळा. "अमेरिकेत काय, दोन वर्षं सगळं बघायचं मग ठरवायचं" हे आपण ऐकलेलं असतं आणि काही युनिव्हर्सिट्यांत ते खरंही आहे, इथे मात्र कॉम्प्युटर सायन्ससारख्या मेजरला ते अजिबात चालत नाही. पूर्ण युनिव्हर्सिटीचा ॲडमिशन रेट साधारण चाळीस टक्क्यांच्या आसपास असतो आणि सीएसचा एक आकडी, म्हणजे नाव एकच असलं तरी स्पर्धा दोन वेगळ्या आहेत हे समजून घ्या.

यावर लोक जुगाड शोधतात, की आधी सोप्या मेजरला घुसू आणि आत गेल्यावर सीएसला बदलून घेऊ. हे जनरलच्या तिकिटावर चढून एसीत बसू म्हणण्यासारखं आहे, टीसी येणारच. कॉलेज बदलायची अधिकृत प्रक्रिया आहे, नाही असं नाही, आणि बऱ्याच मेजरना ती व्यवस्थित चालतेही, त्यासाठी आधी ठरावीक कोर्सेस (इंजिनिअरिंगला जायचं तर कॅल्क्युलस, फिजिक्स वगैरे) चांगल्या ग्रेडने पूर्ण करून मग अर्ज करायचा असतो. पण सीएसला त्या वाटेने जाणं जवळजवळ अशक्य समजा आणि त्या भरवशावर तर अजिबात येऊ नका. इंजिनिअरिंग अनडिक्लेअर्ड नावाचा पर्याय फॉर्मवर दिसतो, तो चांगला आहे पण ज्याला मेकॅनिकल का सिव्हिल का मटेरियल्स ठरत नाहीये त्याच्यासाठी, सीएसचा मागचा दरवाजा म्हणून नाही. आणि ज्याचं खरंच काहीच ठरलेलं नाही त्याच्यासाठी डिव्हिजन ऑफ जनरल स्टडीज आहे, तिथे ॲडव्हायझर चांगले असतात, साधारण दोन वर्षांच्या आत मेजर जाहीर करून बाहेर पडायचं असतं.

एक पर्याय आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतो, तो म्हणजे सीएस प्लस एक्स. अर्धं कॉम्प्युटर सायन्स आणि अर्धा दुसरा विषय, म्हणजे लिंग्विस्टिक्स, इकॉनॉमिक्स, ॲस्ट्रॉनॉमी, म्युझिक, ॲडव्हर्टायझिंग, आणि हो, क्रॉप सायन्सेससुद्धा. घरी द्राक्षबाग किंवा ऊस आहे आणि मुलाला कोडिंगही येतं अशा किती घरांना हा कोर्स नेमका बसेल, पण तिथे कोणी बघतच नाही, सगळे नुसत्या सीएसच्या मागे. अर्थात प्लस एक्स सोपं आहे असं समजू नका, तिथेही चुरस आहे, आणि तो दुसरा विषय खरंच आवडत नसेल तर चार वर्षं जड जातील.

आता अर्ज. कॉमन ॲपवरून (बऱ्याच अमेरिकन युनिव्हर्सिट्यांसाठी चालणारा एकच ऑनलाइन फॉर्म) करता येतो किंवा युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या फॉर्मवरून, दोन्ही सारखेच धरतात. अर्ली ॲक्शनची, म्हणजे लवकर अर्ज करायची, मुदत १ नोव्हेंबर, रेग्युलरची ५ जानेवारी. अर्ली ॲक्शन बंधनकारक नाही, म्हणजे ॲडमिशन मिळाली तरी तुम्ही दुसरीकडे जाऊ शकता, त्यामुळे तयारी असेल तर १ नोव्हेंबरच धरा, विशेषतः इंजिनिअरिंग आणि बिझनेसला. फी इंटरनॅशनलला ७५ डॉलर, इथल्या मुलांना ५०. पहिल्या पसंतीचं मेजर आणि दुसऱ्या पसंतीचं, असं दोन्ही विचारतात. दुसऱ्या पसंतीच्या जागी लोक काहीही टाकतात, ते करू नका, कारण तेच हातात पडू शकतं.

शिफारसपत्रं लागत नाहीत, ते बघतच नाहीत, तेव्हा प्रिन्सिपल सरांच्या मागे लागायची गरज नाही. त्याऐवजी सगळा जोर लेखनावर. मेजरशी संबंधित छोटी उत्तरं लिहायची असतात, दीडशे शब्दांच्या आत, एक म्हणजे या विषयात तुम्ही आत्तापर्यंत काय केलंय आणि दुसरं म्हणजे पुढे काय करायचंय आणि हे मेजर त्यात कसं कामाला येईल. दीडशे शब्द म्हणजे व्हॉट्सॲपचा एक मोठा मेसेज फक्त. "मला लहानपणापासून कॉम्प्युटरची आवड आहे" यात शब्द घालवू नका, ते सगळेच लिहितात. सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा हिशोब ठेवायला ॲप बनवलं, सेक्रेटरी काकांनी ते दोन आठवड्यांत सोडून वही परत काढली, मग त्यांना विचारून स्क्रीनवरची अक्षरं मोठी केली आणि इंग्रजीच्या जागी मराठी टाकलं, असं काही असेल तर ते लिहा. वाचणाऱ्याला त्यातनं मुलगा दिसतो.

मार्कांचं असं आहे की सुरुवातीला तुम्हीच पोर्टलवर विषय आणि मार्क भरता, नववीपासून बारावीपर्यंत. इथे आपली मुलं अडकतात. दहावी-बारावीचं बोर्डाचं मार्कशीट सगळ्यांनी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपलेलं असतं, नववीचं प्रगतिपुस्तक मात्र घरात कुठे सापडत नाही, आणि अकरावीचं तर विचारूच नका, इंटिग्रेटेड क्लासवाल्या मुलांनी ज्युनिअर कॉलेजचं तोंडही नीट बघितलेलं नसतं. तर शाळेत आणि कॉलेजात सप्टेंबरमध्येच जाऊन चारही वर्षांच्या सही-शिक्क्याच्या प्रती काढून घ्या. जे भरलंय तेच नंतर फायनल मार्कशीटवर असलं पाहिजे, तिथे टॅली होतं. एचएससीचा निकाल लागला की तो लगेच पाठवायचा.

नावाचं एक लक्षात ठेवा, आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत, आणि पासपोर्टवर क्रम वेगळा. अर्जात पहिल्यापासून शेवटपर्यंत पासपोर्टवर आहे तसंच नाव टाका, स्पेलिंगसकट. नाहीतर पुढे आय-ट्वेन्टीवर (व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो कागद) एक नाव, टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेवर दुसरं, आणि ईमेलवर ईमेल करत बसा.

ऑनर्सबद्दल लोकांचा समज असा की ते काहीतरी वेगळं हुशार मुलांचं कॉलेज आहे. इथे मुख्य दोन प्रकार आहेत आणि दोघांचा स्वभाव वेगळा. जेम्स स्कॉलर हा प्रत्येक कॉलेज आपापला चालवतं, नाव एडमंड जेम्स या जुन्या प्रेसिडेंटवरून. काही मुलांना ॲडमिशनबरोबरच बोलावणं येतं, काही कॉलेजात अर्ज करावा लागतो, आणि पहिल्या सेमिस्टरला नाही झालं तरी चांगला जीपीए (सगळ्या ग्रेडची सरासरी, ४ पैकी) आणून नंतर घुसता येतं. टिकवायला जीपीएची अट असते, कॉलेजप्रमाणे ३.३ ते ३.५ च्या दरम्यान, आणि ठरलेले ऑनर्स क्रेडिट. ते मिळवायची सोय मस्त आहे, साध्या कोर्सच्या प्रोफेसरशी बोलून एखादा जास्तीचा प्रोजेक्ट किंवा पेपर ठरवायचा आणि त्याचा करार ऑनलाइन भरायचा. सेमिस्टरच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांतच मुदत असते आणि मुलं हमखास विसरतात.

जेम्स स्कॉलरचा खरा फायदा सर्टिफिकेट नाही, खरा फायदा म्हणजे कोर्स रजिस्ट्रेशनला लवकर नंबर लागतो. पस्तीस हजारांहून जास्त अंडरग्रॅज्युएट असलेल्या ठिकाणी सकाळी आठचं लेक्चर टाळून हव्या त्या सेक्शनला जागा मिळणं ही काय चीज आहे ते पहिल्या नोव्हेंबरात कळतं.

दुसरा कॅम्पस ऑनर्स प्रोग्रॅम, सगळे सीएचपी म्हणतात. हा सगळ्या कॉलेजांचा मिळून आहे, दरवर्षी साधारण सव्वाशे फ्रेशर घेतात, स्वतंत्र अर्ज आणि निबंध लागतो. छोटे वर्ग, मेजरच्या बाहेरचे विषय, प्रोफेसर थेट ओळखीचे होतात. ज्याला वाचायची आणि चर्चेची हौस आहे त्याने नक्की भरावा, नुसतं रेझ्युमेवर ओळ हवी असेल तर माझ्या मते जेम्स स्कॉलर पुरे. दोन्हीही घेता येतात.

मग राहायचं. इथे नियम असा आहे की फ्रेशर, म्हणजे ज्याचे बारावीनंतरचे ३० क्रेडिट अवर्स झालेले नाहीत आणि वय २१ च्या खाली आहे, त्याने पहिलं वर्ष युनिव्हर्सिटीने मान्य केलेल्या जागीच राहायचं. त्यात युनिव्हर्सिटीचे हॉल येतात आणि प्रायव्हेट सर्टिफाइड म्हणजे न्यूमन हॉल, हेन्ड्रिक हाऊस अशी बाहेरची हॉस्टेलंही. मामाचा मित्र शँपेनमध्ये राहतो म्हणून तिथे राहू, हे पहिल्या वर्षी चालत नाही. ॲडमिशन स्वीकारायची तारीख १ मे, ती स्वीकारली की हाउसिंगचं काँट्रॅक्ट भरायचं, ते पूर्ण शैक्षणिक वर्षाचं असतं, मधेच सोडलं तर पैसे जातात.

कुठला हॉल? इंजिनिअरिंगवाल्याला आयएसआर (इलिनॉय स्ट्रीटवरचे हॉल) जवळ, त्यामुळे तिथे झुंबड. आयकेनबेरी शँपेनच्या बाजूला, गर्दी आणि मजा जास्त. पार आणि फार (पेनसिल्व्हेनिया आणि फ्लोरिडा ॲव्हेन्यूवरचे हॉल) हे अर्बानाच्या दक्षिण टोकाला, लांब वाटतात पण बस आहे, आणि मुलं म्हणतात तिथे ओळखी लवकर होतात. जानेवारीत मायनस पंधरा-वीसमध्ये चालावं लागतं हे एवढं लक्षात घेऊन निवडा. काही हॉलमध्ये लिव्हिंग-लर्निंग कम्युनिटी, म्हणजे एका आवडीची मुलं एकत्र राहतात असे गट, असतात, थोडी जास्त फी घेऊन, ॲलन हॉलमधली युनिट वन १९७२ पासूनची आहे, कला-संगीताची आवड असेल तर तीच, आणि मेजर न ठरलेल्यांसाठी वेस्टन हॉलची एक्सप्लोरेशन आहे, ती मला फार कामाची वाटते. व्हेज जेवण सगळीकडे मिळतं, फक्त रोज तेच सॅलड-पास्ता-राजमा फिरत राहतं, मेतकूट आणि चटणीचे पुडे घेऊन जाच. पलंग ट्विन एक्सएल मापाचा असतो, घरून डबल बेडची चादर कोंबून न्यायची नाही.

भारतातून येणाऱ्यांना आय-ट्वेन्टीसाठी पासपोर्टची प्रत आणि पहिल्या वर्षाच्या खर्चाएवढे पैसे दाखवणारं बँकेचं इंग्रजी पत्र लागतं, कोणाच्या खात्यात आहेत त्याची हमी लिहून द्यायची. इंजिनिअरिंग आणि बिझनेसची फी बाकीच्यांपेक्षा जास्त असते, सगळं धरून वर्षाला ६० हजार डॉलरच्या पुढेच जातं, आणि इंटरनॅशनल मुलांना गरजेवर आधारित मदत मिळत नाही, तो हिशोब मेजर लिहितानाच करा. आय-ट्वेन्टी आली की सेविसची (परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकन सरकारी नोंदणी) ३५० डॉलर फी, मग व्हिसाचा फॉर्म आणि अपॉइंटमेंट, आपल्या लोकांची सहसा मुंबईला बीकेसीत.

लसींचे कागद हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. इलिनॉय राज्याचा कायदाच आहे, एमएमआरचे दोन डोस, टिटॅनस-डिप्थीरियाचे डोस आणि त्यातला एक टीडॅप (त्यात डांग्या खोकल्याचीही लस असते), आणि सोळाव्या वर्षानंतरची मेनिंजायटिसची लस, हे सगळं तारखांसकट युनिव्हर्सिटीच्या मॅकिन्ली हेल्थ सेंटरला द्यायचं, नाही दिलं तर पुढच्या सेमिस्टरच्या रजिस्ट्रेशनला होल्ड लागतो. लहानपणीचं पिवळं कार्ड फाटलेलं असेल तर इथे येऊन टोचून घेण्यापेक्षा जुलैतच आपल्या डॉक्टरांकडून घ्या, स्वस्त पडतं. टीबीची तपासणीही मागतात, आपल्याला बीसीजी टोचलेलं असल्याने हातावरची टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून रक्ताची करा.

दुसऱ्या वर्षी बहुतेक मुलं ग्रीन स्ट्रीटच्या आसपास अपार्टमेंट घेतात. पुढच्या ऑगस्टच्या घराची धावपळ आधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच चालू होते, म्हणजे पोरगं येऊन धड दोन महिने झाले नाहीत तोवर त्याला ज्यांना नीट ओळखतही नाही अशा तिघांबरोबर वर्षभराच्या लीजवर सही करायची घाई असते. घाबरू नका, घरं नंतरही मिळतात. भारतातल्या पालकांना गॅरंटर म्हणून बरेच घरमालक धरत नाहीत, जास्त डिपॉझिट किंवा काही महिन्यांचं भाडं आधी मागतात, ते आधी विचारून ठेवा, आणि सहीच्या आधी लीज युनिव्हर्सिटीच्या ऑफ-कॅम्पस ऑफिसला दाखवा, ते वाचून देतात आणि पैसे घेत नाहीत.