‘ऑनलाइन करून आणलं’ : सांगली-साताऱ्याकडच्या डिजिटल दरीची पार्श्वभूमी

आमच्या वाळवा तालुक्यात कुणालाही विचारा, अर्ज भरला का, तर उत्तर येतं, ‘व्हय, ऑनलाइन करून आणलं.’ गिरणीतनं दळून आणावं तसं. म्हणजे स्वतः केलं नाही, दुसऱ्या कुणीतरी केलं, त्याचे पन्नास-शंभर रुपये दिले आणि हातात एक पावती आली जिच्यावर काय छापलंय ते घरात कुणी नीट वाचलेलं नाही. सरकारदरबारी मात्र तोच अर्ज ‘ऑनलाइन प्राप्त’ म्हणून मोजला जातो, म्हणजे त्या माणसानं डिजिटल सेवा वापरली अशी नोंद होते. शब्द एकच पण दोन्हीकडचा अर्थ वेगळा. डिजिटल दरीवर, म्हणजे ऑनलाइन सेवा कुणाला वापरता येतात आणि कुणाला नाही यावर, बोलताना टॉवर किती, स्मार्टफोन किती हेच मोजतात, त्यामुळं मधली ही गिरणी कुणाच्या आकड्यात येत नाही. ती कशी उभी राहिली ते इथं लिहितोय. मी २०१६ ते २०१९ गावच्या सेवा केंद्रात कॉम्प्युटरवर बसायचो, त्यामुळं त्या तीन वर्षांबद्दल जास्त लिहिणार हे आधीच सांगतो.

मागचं थोडक्यात. एसटीडी बूथ, लँडलाइनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसणं हे सगळ्यांना माहीत आहे. आपल्या भागातली खरी सुरुवात १९९८ ची, वारणा वायर्ड व्हिलेज प्रकल्प. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यातली वारणा खोऱ्यातली ७० गावं, गावात कॉम्प्युटरचं केंद्र, त्यावर शेतीची माहिती, बाजारभाव, सरकारी कागद सगळं मिळणार अशी कल्पना होती. त्या काळात शहरातसुद्धा घरोघरी कॉम्प्युटर नव्हता, त्यामुळं देशभर नाव झालं. पण लोकांनी त्याचा उपयोग केला तो मुख्यतः उसासाठी. तोड कधी, वजन किती भरलं, बिल किती निघालं. पुढं २००६-०७ च्या सुमारास सात गावांत कॉम्प्युटरच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून बघितलं तर तेच काम स्वस्तात आणि बरं झालं. यातनं शिकण्यासारखं खूप होतं. शेतकऱ्याला त्याच्या कामाची एक गोष्ट, त्याच्या हातातल्या वस्तूवर दिली की तो ती स्वतः वापरतो, मध्ये माणूस लागत नाही. पुढच्या योजनांत हे कुणी लक्षात ठेवल्याचं दिसत नाही.

२००१ ला एमएस-सीआयटी ही कॉम्प्युटरची परीक्षा आली, नोकरीसाठी ते सर्टिफिकेट लागायला लागलं आणि तालुक्याच्या गावी क्लासच्या पाट्या लागल्या. ज्यांच्याकडं फी होती आणि एसटीनं रोज जायची सोय होती त्यांची पोरं शिकली. मग सेतू केंद्रं आली, उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले तिथं मिळायला लागले. २०११ ला संग्राम आलं, ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर आणि एक संगणक परिचालक. हे परिचालक म्हणजे गावातलीच शिकलेली पोरं-पोरी, त्यांचं मानधन तुटपुंजं आणि तेही वेळेवर नाही, त्यावरनं आंदोलनं झाली. २०१५ च्या शेवटी संग्राम बंद झालं आणि २०१६ ला आपले सरकार सेवा केंद्र सुरू झालं. ग्रामपंचायतीच्या निधीतनं दर केंद्रामागं महिन्याला बारा हजारांच्या वर रक्कम कापली जायची आणि परिचालकाच्या हातात त्यातला जेमतेम अर्धा वाटा पडायचा. गावाची सगळी डिजिटल मदार ज्या माणसावर ठेवली त्यालाच पोटापुरतं दिलं नाही, मग तो पावतीमागं पन्नास रुपये घेतो याचं मला नवल वाटत नाही. पटत नाही, पण नवलही वाटत नाही.

आता २०१७ ची कर्जमाफी. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात वादाचा निर्णय हाच, आणि त्यावर जेवढं लिहिलं जायला हवं होतं तेवढं लिहिलं गेलं नाही.

१ जून २०१७ ला शेतकरी संपावर गेले, त्या महिन्यातच कर्जमाफी जाहीर झाली. आकडा ३४,०२२ कोटी, लाभ ८९ लाख शेतकऱ्यांना, कुटुंबाला दीड लाखापर्यंत. अट अशी की प्रत्येकानं ऑनलाइन अर्ज करायचा. २४ जुलैला अर्ज सुरू झाले, मुदत वाढत वाढत २२ सप्टेंबरपर्यंत गेली. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं, आणि नवरा-बायको दोघांचं आधार लागणार. आधारची खात्री अंगठ्यानं किंवा आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीनं.

ऑनलाइन का, याला कारण होतं आणि ते खोटं नव्हतं. २००८ ला केंद्राची कर्जमाफी झाली, ६०,००० कोटींची घोषणा. २०१३ च्या कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेच्या, अहवालात निघालं की अपात्र लोकांना पैसे गेलेत आणि पात्र वगळले गेलेत. आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात तर ११२ कोटींची माफी अपात्र ठरवली, ते प्रकरण कोर्टात गेलं आणि शेतकरी वर्षानुवर्षं त्यात अडकले. त्यामुळं २०१७ ला सरकार म्हणालं की बँकेच्या यादीवर भरवसा नाही, शेतकरी स्वतः सांगू दे. विचार म्हणून मी समजू शकतो. पण ज्याची माहिती आधीच विकास सोसायटीत, जिल्हा बँकेत, सातबाऱ्यावर तीन-तीन ठिकाणी आहे त्यालाच परत रांगेत उभं करून ‘तू कर्जदार आहेस हे सिद्ध कर’ म्हणणं, आणि तेही अशा साधनानं जे त्यानं आयुष्यात वापरलेलं नाही, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. तपासायचं बँकेला होतं आणि घाम शेतकऱ्याचा निघाला.

आमच्या केंद्रात दिवसा साइट हलायचीच नाही. मग रात्री अकरानंतर काम सुरू व्हायचं, म्हातारी माणसं पोत्यावर बसून, पावसाचे दिवस, बायका घरचं आवरून परत यायच्या. अंगठा हा सगळ्यात मोठा प्रश्न. ऊसतोड, भांगलण, जनावरांचं शेण-वैरण करून ज्या बोटांच्या रेषा झिजल्यात ती मशीनवर उमटत नाहीत. ओल्या फडक्यानं पुसायचं, व्हॅसलीन लावायचं, दहाच्या दहा बोटं बघायची. एका आजोबांचं वाक्य अजून डोक्यात आहे, ‘आरं पोरा, ह्याच अंगठ्यावर सोसायटीनं चाळीस वर्सं कर्ज दिलं, तवा उठत हुता की.’ शाईचा अंगठा कर्ज द्यायला चालत होता, माफीला चालेना. मला उत्तर देता आलं नाही. ‘आजोबा, उद्या परत या,’ एवढंच म्हणालो, आणि ते दोन मैल चालत परत आले.

ओटीपीचंही तसंच. आधार काढताना २०११-१२ ला कॅम्पमध्ये जो नंबर सापडला तो टाकलेला, कुणाचा पुतण्याचा, कुणाचा शेजाऱ्याचा, कुणाचा बंद पडलेला. शिवाय आपल्याकडची आणखी एक गोष्ट वरच्या लोकांनी विचारातच घेतली नाही. खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलेली, माण-खटावची माणसं माथाडी म्हणून मुंबई-नवी मुंबईत. घर आणि जमीन इथं, नवरा तिथं. आमच्याच गावात एकाची बायको तीनदा केंद्रावर येऊन गेली आणि शेवटी नवरा केरळातनं दोन दिवसांचा प्रवास करून आला, अंगठा दिला आणि दुसऱ्या दिवशी परत गेला. त्याचा मोडलेला रोजगार आणि गाडीभाडं कुठल्या हिशेबात धरायचं?

आणखी एक गुंता. सांगली-साताऱ्यात ऊसपट्ट्यात थकबाकीदार तसा कमी, कारण कारखान्याच्या बिलातनंच सोसायटीची वसुली कापून जाते. त्यामुळं आमच्याकडं रांगेतले बरेच लोक दीड लाखाच्या माफीचे नव्हतेच, नियमित फेडणाऱ्यांना २५ टक्के किंवा जास्तीत जास्त २५ हजार मिळणार होते, त्याचे होते. म्हणजे ज्यानं वेळेवर फेडलं तो पंचवीस हजारांसाठी चार रात्री जागतोय. त्यातले काही तिसऱ्या फेरीनंतर आलेच नाहीत. ‘जाऊ दे की’ म्हणाले. अशा माणसाची नोंद कुठंच होत नाही, अर्जच नाही म्हणजे नाकारलाही नाही. योजनेचा प्रत्यक्ष लाभ जाहीर आकड्याच्या बराच खाली राहिला, तेव्हा ‘बोगस लोक गाळले गेले’ असं सांगितलं गेलं. काही गाळले असतीलही. पण गाळलेल्यात बोगस किती आणि दमलेले किती हे वेगळं करून कुणी दाखवलं नाही.

माझ्या म्हणण्याला आधार द्यायला दूर जायला नको. डिसेंबर २०१९ ला नवीन सरकारनं दोन लाखांपर्यंतची कर्जमाफी आणली आणि तिथं अर्जच ठेवला नाही. बँकांनी याद्या द्यायच्या, फेब्रुवारी २०२० ला त्या गावात लागल्या, शेतकऱ्यानं एकदाच जाऊन आधार प्रमाणीकरण करायचं. अंगठ्याचा त्रास तिथंही झाला पण फॉर्म, जोडपं, रात्रीची रांग हे सगळं गेलं. तंत्रज्ञान तेच, केंद्रंही तीच, फक्त भार कुणाच्या डोक्यावर ठेवायचा ते बदललं. म्हणून ‘आपले लोक अडाणी आहेत म्हणून ऑनलाइन जमत नाही’ असं कुणी म्हणालं की मला राग येतो.

सातबारा ऑनलाइन झाला तो मात्र फायद्याचा, हे मान्य करायला पाहिजे. २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा निघतो, १५ रुपयांत, तलाठ्याची वाट बघत चावडीवर बसायला लागत नाही. चुका झाल्या, नावं-क्षेत्रं इकडचं तिकडं झालं, चावडी वाचन, म्हणजे गावासमोर उतारे वाचून दाखवून, दुरुस्त्या चालल्या, तरीपण झालं ते बरंच. उलट २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी आली तेव्हा परत जुनीच गोष्ट. पीकपेरा, म्हणजे रानात कुठलं पीक आहे त्याची सातबाऱ्यावरची नोंद, लावायचं तलाठ्याचं काम शेतकऱ्याकडं आलं. त्यानं स्मार्टफोन घेऊन रानात उभं राहायचं, ॲपमध्ये गट नंबर टाकायचा, पिकाचा फोटो काढायचा. पाटण तालुक्यात कोयनेच्या वरच्या अंगाला किंवा महाबळेश्वरच्या कांदाटी खोऱ्यात फोन करायला डोंगराच्या टोकाला जावं लागतं, तिथं रानातनं फोटो कुठून जाणार. जतच्या पूर्व भागात घरात कन्नड बोलतात, तिथल्या म्हाताऱ्या माणसाला मराठी ॲप म्हणजे आणखी एक पायरी. मग गावातलं एखादं पोरगं सगळ्यांचं करून देतं. तीच गिरणी, फक्त आता रानात.

कोरोनाचं सगळ्यांना आठवतंच आहे. मार्च २०२० ला इस्लामपुरात एकाच कुटुंबातले पेशंट निघाले आणि आमच्या भागात लॉकडाऊन इतरांपेक्षा आधी आणि कडक लागला. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर अभ्यास यायला लागला. घरात फोन एक, तो गवंडीकाम करणाऱ्या बापाबरोबर कामावर, तो संध्याकाळी सातला घरी येणार आणि दोन पोरं, त्यात पहिला नंबर मुलाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ ला महाराष्ट्रातल्या ३८ टक्के बायकांनी कधीतरी इंटरनेट वापरलेलं, पुरुषांमध्ये ६१.५ टक्के. हे राज्याचं, त्यात मुंबई-पुणे आलं. जिल्हा परिषदेच्या कितीतरी गुरुजी-बाईंनी पारावर, देवळात चार-चार पोरं बसवून शिकवलं, ते कुठल्या पोर्टलवर नाही.

त्याच फोनचा पुढं उलटा त्रास सुरू झाला. अभ्यासासाठी म्हणून कर्ज काढून घेतलेला फोन शाळा उघडल्यावर पोरांच्या हातातनं सुटेना. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ ला ठरवलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद, पोरांनी अभ्यासाला बसायचं. देशभर बातम्या झाल्या. मला त्या गावाचं कौतुक आहे, पण एक सांगावंसं वाटतं, त्याच संध्याकाळी शेजारच्या एखाद्या वस्तीवर पोरगी बाप फोन घेऊन यायची वाट बघत असते. दोन्ही प्रश्न एकाच तालुक्यातले आहेत आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला लावता येत नाही.

आणि आता लाडकी बहीण. २०२४ ला महिना १,५०० रुपये सुरू झाले तेव्हा कागदी फॉर्मही चालला, अंगणवाडीताईंनी घरोघरी जाऊन भरले, त्यामुळं आमच्याकडं फारशी कुणी राहिली नाही. सप्टेंबर २०२५ ला ई-केवायसी, म्हणजे आधारवरनं ऑनलाइन ओळख पटवणं, सक्तीची झाली. बाईचा ओटीपी, आणि मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा ओटीपी. साइट दिवसा चालेना, परत रात्रीचं जागरण, परत नवरा परगावी. २०१७ चं सगळं जसंच्या तसं. माझी चुलती विधवा आहे, तिचे वडील तिच्या लग्नाआधीच गेलेले. दोघांपैकी कुणाचाच ओटीपी येणं शक्य नव्हतं आणि मशीनला हे सांगायला रकाना नव्हता. नोव्हेंबरमध्ये मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली आणि अशा बायकांनी स्वतःची केवायसी करून मृत्यूच्या दाखल्याची प्रत अंगणवाडीत द्यायची असं ठरलं. चुलतीनं काकांच्या दाखल्याची झेरॉक्स काढली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि चालत जाऊन देऊन आली. मी फोन करून विचारलं, काकू, झालं का तुझं? म्हणाली, ‘झालं की, ऑनलाइन झालं माझं. अंगणवाडीच्या बाईंच्या हातात दिलं.’