‘हाली’ म्हणजे नेमका कोणता रुपया?

मराठवाड्यातल्या जुन्या गहाणखतांत रकमेसोबत ‘हाली’ (हैदराबाद संस्थानाचा रुपया) किंवा ‘कलदार’ (इंग्रजी रुपया) लिहिलेले असते. तेवढा शब्द नजरेतून सुटला की सगळा हिशेब चुकतो.

हैदराबाद संस्थानात रुपया पडायचा तो दिल्लीच्या बादशहाच्या नावाने. १८५७ नंतर बादशाही संपली आणि नाण्यावर घराण्याच्या संस्थापकाची पदवी आली. सोबत ९२ हा आकडा आला; अबजद गणनेत, म्हणजे अरबी अक्षरांना आकडे देण्याच्या पद्धतीत, ‘मुहम्मद’ या नावाचे ते मूल्य. गादीवरच्या निजामाचे स्वतःचे नाव मात्र आले नाही.

‘हाली’चा गुंता मोठा आहे. हाल म्हणजे वर्तमान, म्हणून हाली सिक्का म्हणजे सध्या चालणारा सिक्का. गोविंदबक्षीसारखे इतर रुपयेही बाजारात होते, तेव्हा हे निव्वळ विशेषण होते. पुढे त्याचेच विशेषनाम झाले. त्यामुळे ‘हाली’ वाचले की चारमिनार छापाचा रुपया डोळ्यांपुढे आणणे घाईचे ठरते. तो छाप विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याच्या कमानीत राज्यकर्त्याच्या नावाचे उर्दू आद्याक्षर असे, आधी ‘मीम’, नंतर ‘ऐन’. त्याच्याआधी काही वर्षे ‘चरखी’ रुपया होता. कलदार म्हणजे यंत्रावर पाडलेला. यंत्रावर चरखीही पडे, तरी कलदार म्हटले की इंग्रजी रुपयाच समजायचा.

हाली खोटा होता, ही समजूत मला अन्यायाची वाटते. कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. चारमिनार रुपया ११.१८ ग्रॅमचा, त्यात सुमारे ८२ टक्के चांदी. सात हालीला सहा कलदार हा सरकारी हिशेबातला भाव या चांदीशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. बट्टा, म्हणजे बदलताना होणारी घट, होता तो चांदीतल्या फरकाचा. खरा घोळ इंग्रज सरकारच्या १८९३च्या निर्णयाने झाला. टांकसाळींत लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणे बंद झाले, कलदाराची किंमत त्याच्यातल्या चांदीपासून सुटली आणि चांदीबरोबर हालीचा भाव मात्र घसरत गेला. संस्थानाला आपली टांकसाळ आवरून नवे नाणे काढावे लागले, ते यातूनच.

पहिल्या महायुद्धात चांदी दुर्मीळ झाली, तेव्हा १९१८मध्ये संस्थानाने स्वतःच्या नोटा काढल्या. १९४८च्या पोलीस कारवाईनंतरही हाली लगेच गेला नाही; काही वर्षे एकाच बाजारात दोन्ही चलने चालली.