वर्गात जागा देणं आणि वर्गात सामावून घेणं

पटावर नाव आहे. गणवेश मिळाला, पुस्तकं मिळाली, खिचडीच्या पंगतीलाही पोर बसतं. शिक्षण परिषदेत अशा वेळी आपण छातीठोक सांगतो, ‘आमच्या शाळेत समावेशित शिक्षण सुरू आहे.’ प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी सुरू असतं ते एकात्मिक शिक्षण. प्रशिक्षणात दोन्ही नावं एका दमात घेतली जातात आणि अहवालात एकाच रकान्यात जातात, म्हणून गल्लत होते. ती भोगावी लागते मुलाला, आणि म्हणूनच मला हा विषय जिव्हाळ्याचा वाटतो.

एकात्मिक शिक्षणात शाळा आहे तशीच राहते आणि मुलाला तिच्यात बसवतात. त्याला श्रवणयंत्र देतात, चष्मा देतात, फिरते विशेष शिक्षक अधूनमधून येऊन जातात. या आधारावर त्यानं इतरांच्या बरोबरीनं चालावं, अशी अपेक्षा असते. जमलं तर उत्तम, नाही जमलं तर मूलच कमी पडलं असं धरलं जातं. समावेशित शिक्षणात अडचण कुठे आहे हे शाळेच्या बाजूनं शोधतात: वेळापत्रकात, शिकवण्याच्या पद्धतीत, इमारतीत की भाषेत? मग बदलायचं ते शाळेनं.

केंद्र सरकारची अपंग मुलांसाठीची एकात्मिक शिक्षण योजना 1974 ची. त्याआधी अशा मुलाला एकतर विशेष शाळा, नाहीतर घर. त्या काळात नेहमीच्या शाळेचं दार उघडलं हेच मोठं काम होतं, त्याला नावं ठेवू नयेत. 1994 मध्ये स्पेनमधल्या सालामांका इथे झालेल्या जागतिक परिषदेनं समावेशित शिक्षणाचा आग्रह जगापुढे ठेवला. आपल्याकडे 2009 चा शिक्षण हक्क कायदा आला आणि पुढे 2016 चा दिव्यांग हक्क कायदा. या दुसऱ्या कायद्यानं समावेशित शिक्षणाची व्याख्याच केली आहे. दिव्यांग आणि इतर मुलं एकत्र शिकतील, एवढ्यावर ती थांबत नाही. शिकवण्याची पद्धतही मुलांच्या गरजेप्रमाणे बदललेली असेल, असं ती सांगते. आपण पहिला अर्धा भाग पाळतो आणि दुसरा विसरतो.

याच कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले आणि त्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आला. सातपुड्याच्या पट्ट्यात, धडगाव, अक्कलकुवा, शहादा, तळोद्यापासून यावल, चोपड्याच्या पाड्यांपर्यंत, हा आजार कुणाला नवा नाही. तरीही दिव्यांग विद्यार्थी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कुबडी येते. सिकलसेलचं मूल दिसायला धडधाकट असतं. फार तर थोडं फिकट, थोडं किरकोळ.

त्याच्या शरीरात काय चालतं ते शिक्षकाला ठाऊक हवं. त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हातपाय, पाठ, पोट असह्य दुखतं. पाणी कमी पडलं, थंडी लागली, ताप आला, अतिश्रम झाले की दुखणं उसळतं. मूत्रपिंडावर परिणाम झाल्यानं या मुलांना लघवीलाही वारंवार जावं लागतं. आता आपला नेहमीचा वर्ग बघा. पाणी सुट्टीत प्यायचं. लघवीला विचारून जायचं, तेही एका वेळी एकानं. पुन्हा हात वर केला की, ‘आत्ताच जाऊन आलास ना?’ जानेवारीत उघड्यावर परिपाठ, मार्चमध्ये उन्हात कवायत. दुखण्यामुळे आठवडाभर घरी राहिलं तर हजेरीपत्रकात ‘अनियमित’ असा शेरा.

एकात्मिक विचाराची शाळा या मुलाला सूट देते: ‘तू बस, तुला कवायत नको.’ हेतू चांगलाच असतो, पण मूल कडेला बसतं आणि सगळ्या शाळेला कळतं की याला काहीतरी आहे. समावेशित विचाराची शाळा नियमच बदलते, आणि तोही सगळ्यांसाठी. प्रत्येक बाकावर पाण्याची बाटली, लागेल तेव्हा प्यायची. लघवीला जायला परवानगी नको, कुठे चाललो एवढं शेजाऱ्याला सांगायचं. थंडीत परिपाठ वर्गात किंवा ऊन पडल्यावर. कवायतीत सगळ्यांनाच मधे टेकायची मुभा. आजारपणात राहिलेला अभ्यास घरी कोण पोचवणार, हे जूनमध्येच ठरलेलं. दुखायला लागलं किंवा ताप आला तर घरी फोन आणि लगेच आरोग्य केंद्र, हे प्रत्येक शिक्षकाला पाठ. यातल्या कशालाही निधी लागत नाही. एक मात्र सांभाळावं: वाहक आणि रुग्ण यांत फरक आहे. वाहक म्हणजे ज्याला हा दोष आई किंवा वडील, एकाकडूनच आलेला आहे; अशा मुलाला सहसा काही त्रास नसतो. त्याला उगाच आजारी ठरवू नये, आणि कुणाच्याही तपासणीचा निकाल वर्गात बोलून दाखवू नये.

कमी ऐकू येणाऱ्या मुलाचंही तेच. श्रवणयंत्र दिलं, पहिल्या बाकावर बसवलं, इथवर एकात्मिक. पण बाई फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता समजावत असतील, तर पहिला बाक काय कामाचा? हे मूल ओठ आणि चेहरा वाचत असतं. आधी लिहावं, मग वळून बोलावं. खिडकीकडे पाठ करून उभं राहू नये, कारण मागून उजेड आला की चेहरा काळा दिसतो. गटात चर्चा असेल तर बोलणाऱ्यानं आधी हात वर करावा, म्हणजे कुणाकडे बघायचं ते कळतं. या सवयी लागल्या की मागच्या बाकावरच्यांनाही पाठ जास्त समजतो.

रॅम्पबद्दल थोडक्यात. उतार एकास बारा हवा, म्हणजे जोतं दीड फुटाचं असेल तर रॅम्प अठरा फूट लांब लागतो. सहा-सात फुटांत उरकलेल्या रॅम्पवर चाकाची खुर्ची मागून दोघांनी ढकलल्याशिवाय चढत नाही. आणि रॅम्प व्हरांड्यापर्यंत, पण नळ, शौचालय आणि जेवणाची जागा पायऱ्यांपलीकडे असेल, तर त्या मुलीची शाळा व्हरांड्यातच संपते.

शाळेत बेदखल होणारी मुलं दिव्यांगच असतात असं नाही. पहिलीतलं पोर म्हणतं, ‘मले समजनं नही,’ आणि आपण म्हणतो, ‘नीट बोल.’ दोन-चारदा असं झालं की ते बोलायचंच थांबतं आणि प्रगतिपुस्तकात ‘अबोल’ अशी नोंद होते. त्याचं अहिराणी उत्तर आधी उत्तर म्हणून घ्यायचं आणि मग तेच वाक्य आपण प्रमाण मराठीत म्हणायचं, एवढंच तर करायचं असतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्येही शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवण्याचं म्हटलं आहे. अहिराणी बोलणारा गुरुजी धडगावच्या पावरी वस्तीत किंवा नवापूरच्या मावची बोलणाऱ्या गावात गेला की तो स्वतः परका असतो. तिथे चौथी-पाचवीची मुलं आणि अंगणवाडीताईच त्याच्या शिक्षक. त्यांच्याकडून रोज पाच शब्द शिकणारा गुरुजी मुलांना लवकर आपला वाटतो, हे मी बघत आलो आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं दिवाळीनंतर जातात आणि होळी-आखाजीच्या सुमारास परततात. जाताना हातात शिक्षण हमी पत्रक दिलं म्हणजे पुढच्या शाळेत प्रवेश सोपा होतो; ते द्यायलाच हवं. पण परत आल्यावर त्यांची जागा कुठे? सरावाच्या चाचण्या सुरू असतात, गट ठरलेले असतात, त्याच्या बाकावर दुसराच कुणी बसलेला असतो. पोर परत येतं ते पाहुण्यासारखं. पहिल्या आठवड्यात चाचणी न घेता, फडावर काय पाहिलं, मोळी कशी बांधतात, गाडी कशी भरतात, हे त्याला सांगू दिलं तर गणिताच्या तासाला मोळ्यांची आणि टनांची उदाहरणं आयती मिळतात.

कुणी विचारेल, मग विशेष शाळा चुकीच्या का? मुळीच नाही. मूकबधिर मुलाला सुरुवातीच्या वर्षांत सांकेतिक भाषा बोलणारी सोबत लागते. ती नेहमीच्या शाळेत मिळणार नसेल तर विशेष शाळा बरी. निर्णय मुलाच्या गरजेवरून व्हावा, आपल्या सोयीवरून नाही. आणि सरसकट पास करणं, गृहपाठ माफ करणं, ‘त्याला कशाला त्रास’ म्हणणं, हा समावेश नव्हे. त्या मुलालाही शिकायचंच असतं.

आपली शाळा कुठल्या बाजूला आहे हे पालक सांगू शकतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असा कायदा आहे. पण कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराला बैठक ठेवली तर त्या सभासद आया शेतात असतात, आणि सह्या नंतर घरी जाऊन घेतल्या जातात. बैठक संध्याकाळी, वस्तीत घ्यावी. पोर घरी आल्यावर वर्गातल्या कुणाचं नाव घेतं, हे आईला विचारावं. एकाही मित्राचं नाव येत नसेल, तर वर्गातले गट मोडून नवे करावेत, दर पंधरा दिवसांनी फिरवावेत आणि ते शिक्षकानंच ठरवावेत. ‘तुमचे तुम्ही गट करा’ म्हटलं की दर वेळी तीच मुलं उरतात.