बटाट्यालाही फेस येतो

मेडिकल स्टोअरमधून हायड्रोजन पेरॉक्साइडची छोटी बाटली आणा आणि कापलेल्या बटाट्यावर चार थेंब टाका, जखमेवर टाकल्यावर येतो ना, अगदी तसाच पांढरा फेस येतो. काल मी इथे नागपुरात, धरमपेठेत, ओट्यावरच करून बघितलं. बटाट्यात काही रक्त नसतं.

रक्ताचा डाग ओळखायची एक जुनी टेस्ट ह्याच पेरॉक्साइडवर चालते, फक्त फेसाऐवजी रंग बघतात. डाग टिपून घ्यायचा, त्यावर ऑर्थोटोलिडिन नावाचं रसायन आणि मग पेरॉक्साइड, हिमोग्लोबिन असेल तर झटकन निळं. पण मुळ्याच्या रसानेही निळं होऊ शकतं, तांब्याच्या धुळीनेही. म्हणून ही टेस्ट फक्त प्राथमिक, तिचं उत्तर एवढंच की रक्त असू शकतं.

ह्या 'असू शकतं'चं 'आहे' झालं आणि ऑस्ट्रेलियात एका आईला जन्मठेप झाली.

१७ ऑगस्ट १९८० च्या रात्री उलुरूच्या लाल डोंगराजवळ लिंडी आणि मायकल चेंबरलेन तंबू टाकून राहिले होते, तिथून त्यांची साडेनऊ आठवड्यांची अझारिया गायब झाली. लिंडी ओरडली की डिंगोने, म्हणजे तिथल्या रानकुत्र्याने, बाळ नेलं. विदर्भात बिबट्या अंगणातून लेकरू उचलतो हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही, पण तिथे लोकांना हे पटेना. पहिल्या चौकशीत कोरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, तिचं म्हणणं मान्य केलं होतं, तरी केस परत उघडली, त्यांची गाडी लॅबच्या लोकांनी तपासली आणि डॅशबोर्डखाली उडालेले थेंब सापडले. आईने गाडीत बाळाचा गळा चिरला, हे तिथलंच रक्त, असं सरकारी पक्षाने मांडलं. ऑक्टोबर १९८२ मध्ये दोघांना शिक्षा झाली तेव्हा लिंडी गरोदर होती, पुढच्याच महिन्यात कैदेत असताना तिला मुलगी झाली.

ते थेंब कशाचे होते माहितीये? गाडीचा आवाज कमी व्हावा म्हणून कारखान्यातच फवारतात त्या डांबरासारख्या लेपाचे! आणि हे कुटुंब राहायचं माउंट आयझाला, तांब्याच्या खाणीच्या गावात, म्हणजे आपल्याकडे बालाघाटची मलाजखंड आहे ना तसं, तिथल्या धुळीतच तांबं.

पण कोर्टात सगळ्यात जड पडली ती दुसरी टेस्ट, हे रक्त तान्ह्या बाळाचंच आहे असं सांगणारी. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्याला एचबीएफ म्हणतात, जन्मानंतर काही महिन्यांत ते कमी होत जातं. नागपुरात सिकलसेल ह्या रक्ताच्या आजाराचे पेशंट ज्यांच्या घरी आहेत त्यांना हा शब्द नवीन नाही. माझ्या मावसबहिणीच्या रिपोर्टवर एचबीएफचा वेगळा आकडाच असतो, हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या तो वाढावा म्हणूनच देतात. ती तीस वर्षांची बाई आहे, तिच्या अंगात बाळाचं हिमोग्लोबिन आहे, म्हणजे हा खुणेचा दगड वाटतो तितका पक्का नाहीच. चेंबरलेन केसमध्ये तर वापरलेलं रसायन फक्त एचबीएफलाच धरतं का ह्याचीच खात्री नव्हती, आणि ज्या प्लेट्सवर टेस्ट केली त्या नंतर नष्ट केलेल्या, दुसऱ्या कोणी परत बघावं म्हटलं तर बघणार काय? मला ह्या सगळ्यात सगळ्यात जास्त हेच टोचतं.

फेब्रुवारी १९८६ मध्ये उलुरूवरून पडलेल्या एका पर्यटकाचा शोध घेताना अर्धवट मातीत गाडलेलं छोटं जॅकेट मिळालं. बाळाच्या अंगात जॅकेट होतं असं लिंडी पहिल्यापासून सांगत होती, कोणी ऐकत नव्हतं. बाळाच्या कपड्यावर डिंगोची लाळ नाही हा तिच्याविरुद्धचा मोठा मुद्दा होता, आता वरून जॅकेट होतं म्हटल्यावर आतल्या कपड्याला लाळ लागेलच कशी? काही दिवसांतच ती सुटली. मग चौकशी आयोगाने लॅबचे सगळे निष्कर्ष एकेक करून तपासले आणि सप्टेंबर १९८८ मध्ये दोघांवरची शिक्षा रद्द झाली.

मृत्यूचं कारण मात्र कागदावर तसंच लटकलेलं राहिलं. डिंगोनेच नेलं असा कोरोनरचा निकाल आला १२ जून २०१२ ला. अझारिया असती तर आदल्याच दिवशी तिला बत्तीस पूर्ण झाली असती.