पृष्ठक्रियाकारके व आयनी द्रव यांच्या साहाय्याने तेलप्राप्ती

खनिज तेलाच्या साठ्यातील जे तेल नैसर्गिक दाबाने वर येत नाही आणि पाणी सोडून रेटा दिला तरी खडकातच राहते, ते पृष्ठक्रियाकारके (साबणासारखी रसायने) व आयनी द्रव यांनी सुटे करून विहिरीपर्यंत आणण्याची ही पद्धत होय. वर्धित तेलप्राप्तीच्या, म्हणजे नेहमीच्या उपायांनंतर उरलेले तेल काढण्याच्या तंत्राच्या, रासायनिक शाखेत तिचा समावेश होतो.

सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवण्यासाठी जमिनीत पेवे खणत असत. भूगर्भातील तेलही अशाच एखाद्या पोकळीत साठलेले असावे असा समज सर्रास आढळतो, परंतु तो चुकीचा आहे. तेल असते ते वालुकाश्म किंवा चुनखडकाच्या कणांमधील काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंदीच्या छिद्रांत, आणि तेथेही ते पाण्याशेजारी असते. नैसर्गिक दाबाने साधारणतः ५ ते २० टक्के तेल निघते; पाणी सोडल्यावर एकूण प्राप्ती एकतृतीयांशाच्या आसपास पोहोचते. उरलेल्या तेलाचा काही भाग पाणी जेथे पोहोचलेच नाही तेथे राहतो आणि काही भाग, पाणी शेजारून वाहून गेले तरी, थेंबांच्या रूपाने छिद्रांत अडकतो.

हे अडकणे केशिक बलामुळे, म्हणजे बारीक छिद्रांत द्रवाला धरून ठेवणाऱ्या बलामुळे घडते. तेल आणि क्षारयुक्त पाणी यांमधील आंतरपृष्ठीय ताण (त्यांच्या सीमेवरचा ताण) सुमारे २० ते ३० मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. तो २५ धरला, तर ५ मायक्रॉन त्रिज्येच्या अरुंद गळ्यातून थेंब पुढे सरकण्यासाठी सुमारे १०,००० पास्कल दाब लागतो. उलट दर मीटरला २०,००० पास्कल इतका दाबाचा उतार देऊन पाणी रेटले, तरी ०.१ मिलिमीटर लांबीच्या थेंबाच्या दोन टोकांत जेमतेम २ पास्कलचा फरक पडतो. पंपाची शक्ती वाढवून ही तफावत भरून निघणे शक्य नाही, कारण तेवढ्या दाबाने खडकच फुटेल. म्हणून ताणच कमी करावा लागतो. तो ०.००१ मिलिन्यूटन प्रति मीटरपर्यंत उतरला, की त्याच गळ्यासाठी ०.४ पास्कल पुरतो आणि थेंब हलतो. या पद्धतीचे सारे रसायनशास्त्र या एका गरजेतून उभे राहिले आहे.

पृष्ठक्रियाकारकाच्या रेणूचे एक टोक जलस्नेही व दुसरे जलविरागी असल्यामुळे तो तेल-पाण्याच्या सीमेवर स्थिरावतो. वालुकाश्मासाठी सामान्यतः ऋणभारित सल्फोनेटे वापरतात, कारण वाळूच्या कणांचा पृष्ठभागही ऋणभारित असल्याने त्यांचे अधिशोषण (खडकाच्या पृष्ठभागाला चिकटून राहणे) कमी होते. ठरावीक लवणतेला तेल, पाणी आणि पृष्ठक्रियाकारक मिळून सूक्ष्मपायस (अतिसूक्ष्म थेंबांचे स्थिर मिश्रण) तयार होते व ताण अत्यंत खाली येतो. लवणता त्या मर्यादेबाहेर गेली की परिणाम ओसरतो. खरी अडचण येथेच आहे. बोअरच्या दुष्फेन पाण्यात साबणाला फेस न येता चोथा धरतो, हे सातारा-सांगलीकडच्या घराघरांत ठाऊक आहे. साठ्यातील पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम त्याहून कितीतरी अधिक असू शकते, आणि तेथे ऋणभारित पृष्ठक्रियाकारकही तसेच अवक्षेपित होऊन (साका बनून) वाया जाते. शिवाय उच्च तापमानात काही प्रकारांचे विघटन होते.

आयनी द्रवांकडे संशोधक वळले ते यामुळे. १०० अंश सेल्सियसखाली वितळणाऱ्या लवणांना ही संज्ञा आहे. रसायनशास्त्रज्ञ पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये वर्णन केलेले एथिल-अमोनियम नायट्रेट सुमारे १२ अंशांनाच वितळते. इमिडॅझोलियम या नायट्रोजनयुक्त वलयासारख्या धनायनाला (धनभारित आयनाला) १२ ते १६ कार्बन अणूंची साखळी जोडली की तो पृष्ठक्रियाकारकासारखा वागतो. त्याचे डोके धनभारित असल्यामुळे कॅल्शियमशी संयोग होऊन साका बसत नाही. उलट पाण्यातील क्षारांमुळे डोक्यांमधील प्रतिकर्षण घटते आणि पुष्कळदा ताण आणखी उतरतो. उष्णताही ही संयुगे चांगली सोसतात. चुनखडकात आणखी एक लाभ संभवतो. तेलातील कार्बॉक्सिली आम्ले खडकाला चिकटून त्याला तेलस्नेही करतात. धनायन त्या आम्लांशी जोडी जमवून त्यांना सोडवतो व खडक पुन्हा पाण्याने भिजू लागतो. मात्र एकटा आयनी द्रव ताण अतिनीच पातळीपर्यंत सहसा आणत नाही, म्हणून तो नेहमीच्या पृष्ठक्रियाकारकांसोबत मिसळून तपासला जातो. वालुकाश्मावर त्याचे अधिशोषणही जास्त होते. बाष्पदाब नगण्य असल्यामुळे, म्हणजे ते हवेत जवळजवळ उडून जात नसल्यामुळे, आयनी द्रवांना सरसकट पर्यावरणस्नेही म्हटले जाते, ते योग्य नव्हे. लांब साखळीची इमिडॅझोलियम संयुगे जलचरांना विषारी असतात. किंमत हा तर मोठाच अडसर आहे. त्यामुळे आयनी द्रवांचा अभ्यास अजून मुख्यतः खडकाच्या नमुन्यांवरील प्रयोगांपुरता आहे.

प्रत्यक्ष तेलक्षेत्रात अल्क (अल्कली), पृष्ठक्रियाकारक व बहुवारिक (पॉलिमर) यांचे मिश्रण वापरले गेले आहे. चीनमधील दाचिंग या तेलक्षेत्रात ते मोठ्या प्रमाणावर झाले. भारतात गुजरातमधील विराज क्षेत्रात २००२ मध्ये त्याची चाचणी झाली. बहुवारिकाचे काम वेगळे आहे: ते पाणी घट्ट करून त्याचा रेटा सर्वत्र सारखा पोहोचवते.

सातारा व सांगली जिल्ह्यांचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्टावर वसलेला असून तेथे तेलक्षेत्र नाही. तरी या विषयाशी त्यांचा संबंध कच्च्या मालाच्या बाजूने लावता येतो. साखर कारखान्यांतून निघणारी मळी हे सूक्ष्मजीवांचे स्वस्त खाद्य असून, ती जिवाणूंसह साठ्यात सोडून तेथेच जैव पृष्ठक्रियाकारके निर्माण करण्याचे प्रयोग अनेक देशांत झाले आहेत. शर्करा व मेद-अल्कोहोल यांपासून बनणारी अल्किल पॉलिग्लुकोसाइडे भाररहित असल्याने क्षारांना दाद देत नाहीत आणि निसर्गात लवकर विघटित होतात.