सर्पदंश : लक्षणे व उपचार (सांगली-सातारा परिसर)

विषारी सापाच्या दातांतून विष शरीरात शिरल्यामुळे निर्माण होणारी आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास जिवावर बेतणारी तातडीची अवस्था. कृष्णा-वारणेच्या काठी साप चावला असे सरळ म्हणणे जुनी माणसे टाळतात. ‘पान लागलं’ असे म्हणतात, आणि दिवे लागल्यानंतर सापाचे नावही न घेता ‘लांबडं’ किंवा ‘जनावर’ असा त्याचा उल्लेख करतात. प्रत्येक दंशात विष उतरतेच असे नाही. चावणारा साप पुष्कळदा बिनविषारी असतो, तर काही वेळा विषारी साप नुसता दात मारतो आणि विष सोडत नाही; अशा दंशाला कोरडा दंश म्हणतात. मंत्राने किंवा पाल्याने उतरलेल्या विषाच्या ज्या कथा गावोगाव ऐकू येतात, त्यांतील बहुतेकांचा उगम या दोन प्रकारांत आहे.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख, म्हणजे दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे दगावल्याचा अंदाज एका देशव्यापी अभ्यासात मांडला गेला आहे. सर्वाधिक भार असलेल्या राज्यांत महाराष्ट्राची गणना होत नाही. तरीही सांगली आणि साताऱ्याच्या शेतीची घडण अशी आहे, की येथे माणूस आणि साप एकमेकांच्या वाटेत सतत येतात. वाळवा, पलूस, कराड या बागायती पट्ट्यात उसाच्या फडात उंदीर भरपूर असतात आणि उंदरांमागे नाग व घोणस येतात. कृषिपंपांची वीज पाळीने रात्री येते, त्यामुळे शेतकऱ्याला अंधारात दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जावे लागते. फडातील पाचटाखाली पाय पडतो तेव्हा खाली काय आहे हे बॅटरी असूनही दिसत नाही. गाळपाच्या हंगामात बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली ऊसतोड कुटुंबे कोप्यांमध्ये जमिनीवर झोपतात, आणि तोडणी करताना हातच पाचटात घालावा लागतो. जत, आटपाडी, माण, खटाव या कोरड्या माळरानांवर दगडगोट्यांत फुरसे आढळते, तर पाटण आणि शिराळ्याच्या पश्चिमेकडील कोयना-चांदोलीच्या जंगलपट्ट्यात चापडा हा विषारी सापही भेटतो.

वैद्यकीय दृष्ट्या महत्त्वाचे साप चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. धामण, दिवड, तस्कर हे बिनविषारी होत. घोटाळा होतो तो सारख्या दिसणाऱ्या जोड्यांमुळे. कवड्या हा निरुपद्रवी साप मण्यारीसारखा, तर डुरक्या घोणस हा विषारी घोणशीसारखा दिसतो. म्हणूनच ‘साप ओळखून उपचार’ ही समजूत धोक्याची आहे. महाराष्ट्रात दिले जाणारे प्रतिविष या चारही सापांवर एकत्रित चालणारे असल्यामुळे साप मारून दवाखान्यात आणण्याची गरज नसते. तो शोधण्यात वेळ जातो आणि दुसरा माणूस चावून घेतो. डॉक्टर सापाऐवजी रुग्णाची लक्षणे वाचतात.

हे वाचन प्रामुख्याने दोन गटांत पडते : मज्जासंस्थेवर परिणाम करणारे विष आणि रक्त बिघडवणारे विष. नागाच्या दंशाच्या जागी वेदना व सूज येते, फोड उठतात, पुढे कातडी काळी पडून सडते. त्याबरोबर पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसू लागते, गिळता येत नाही, तोंडातून लाळ गळते, मान सावरत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. नागाचे विष मज्जातंतूकडून आलेला संदेश स्नायूच्या बाजूला अडवते. त्यामुळे प्रतिविषाबरोबर नीओस्टिग्मीन आणि अ‍ॅट्रोपीन ही औषधे दिल्यास पापण्या अर्ध्या तासातही उचलल्या जाऊ शकतात.

मण्यारीची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याबद्दलचे अज्ञानही सर्वांत मोठे आहे. ती रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात बारीक असल्याने खूण दिसत नाही, सूज येत नाही, अनेकदा झोपही मोडत नाही. पहाटे रुग्ण पोटात कळ येते म्हणून उठतो. घरचे अजीर्ण समजून ओवा किंवा सोडा देतात. थोड्या वेळाने पापण्या मिटू लागतात आणि बोलणे अडखळते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे अकारण पोटदुखी आणि पापण्या जड होणे ही दोन लक्षणे एकत्र दिसली, तर दंशाची खूण नसली तरी मण्यारीचा संशय घ्यावाच लागतो. हे विष मज्जातंतूच्या टोकालाच इजा करते. झालेली इजा प्रतिविषाने उलटत नाही आणि टोके पुन्हा सावरेपर्यंत कित्येक दिवस रुग्णाला कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते. या काळात त्याचे डोळे मिटलेले, हातपाय लुळे आणि कधी बाहुल्याही विस्फारलेल्या असतात, पण त्याला ऐकू येत असते. ‘आता काही राहिले नाही’ असे समजून नातेवाइकांनी रुग्णाला घरी नेण्याचा आग्रह धरावा, ही सर्पदंशातील सर्वांत टाळण्यासारखी चूक आहे. श्वास चालू ठेवला तर असे रुग्ण पूर्ण बरे होऊ शकतात.

घोणस आणि फुरसे रक्ताची गोठण्याची शक्ती संपवतात. विष गोठणघटकांना इतके चेतवते, की ते वापरून संपतात आणि नंतर रक्त गोठतच नाही. हिरड्यांतून, सुई टोचल्या जागेतून, लघवीतून रक्त जाते; मेंदूत रक्तस्राव झाल्यास पक्षाघात होतो. घोणशीच्या दंशात सूज झपाट्याने वर चढते आणि वेदना असह्य असते. मूत्रपिंड निकामी होणे हे तिचे वैशिष्ट्य : लघवी कमी किंवा काळपट झाली, तर रुग्णाला डायलिसिस लागण्याची शक्यता असते. काही रुग्णांत मेंदूच्या तळाशी असलेल्या पोषग्रंथीला (पिट्यूटरी) इजा होते आणि दंशातून वाचलेला माणूस काही महिन्यांनी थकवा, थंडी सहन न होणे, पाळी बंद होणे अशा तक्रारी घेऊन येतो. तेव्हा जुन्या दंशाची आठवण डॉक्टरांना करून देणे उपयोगी पडते. फुरसे आकाराने लहान असले, तरी त्याचे विषही रक्त बिघडवते.

रक्त गोठते की नाही हे पाहण्याची चाचणी इतकी साधी आहे, की ती प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. शिरेतून घेतलेले २ मिलिलिटर रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग नळी एकदा तिरपी करतात. रक्त पातळच वाहिले तर रक्त बिघडवणारे विष आहे असे समजतात. नळी प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल, तर निष्कर्ष फसवा येतो. लक्षणे नसलेल्या रुग्णालाही २४ तास देखरेखीखाली ठेवतात.

प्रतिविष घोड्यांना थोडे थोडे विष टोचून त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून तयार करतात. मुंबईची हाफकिन ही संस्था त्याच्या उत्पादनाशी दीर्घकाळ जोडलेली आहे. विष बहुतांशी तमिळनाडूतील इरुळा सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, त्यामुळे दक्षिणेतील विषापासून बनवलेले प्रतिविष सर्वत्र सारखेच प्रभावी ठरेल असे नाही. चापड्याच्या विषावर हे प्रतिविष बनवलेले नसते. विषबाधेची लक्षणे दिसल्यावर साधारण १० कुप्या सलाइनमधून सुमारे तासाभरात देतात. मुलांनाही मात्रा तेवढीच लागते, कारण सापाने सोडलेले विष रुग्णाच्या वजनाप्रमाणे कमी होत नसते. अंगावर पित्त उठणे, कापरे भरणे, दम लागणे अशी प्रतिक्रिया उमटू शकते. तेव्हा मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनलिन देतात आणि सावरल्यावर प्रतिविष पुन्हा सुरू करतात. रुग्णाला पुढे मिरज, कराड किंवा सातारा येथे हलवायचे असेल, तर पहिली मात्रा जवळच्या सरकारी दवाखान्यातच सुरू करणे श्रेयस्कर. घाटातल्या रस्त्यावर गेलेला वेळ भरून निघत नाही.

दंशानंतर घरी करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. रुग्णाला चालू न देणे, मोडलेल्या हाडासारखा तो अवयव फळीने स्थिर बांधणे, सूज चढण्याआधी अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण काढणे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणे. ओकारी होत असल्यास कुशीवर निजवावे. दोरीने आवळून बांधणे, जखम चिरणे, रक्त चोखणे यांनी उपाय होण्याऐवजी पाय गमावण्याची किंवा रक्तस्राव वाढण्याची भीती असते. आवळलेली दोरी दवाखान्यातच, सलाइन लावल्यावर सोडावी. कडुनिंबाचा पाला चावायला देऊन तो कडू लागतो की नाही यावरून विषाचा अंदाज बांधण्याची जुनी पद्धत आहे. तिला वैद्यकीय आधार नाही, आणि गिळण्याची शक्ती गेलेल्या रुग्णाच्या घशात पाला अडकू शकतो.

सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा नागपंचमीसाठी प्रसिद्ध आहे. पूर्वी तेथे जिवंत नाग पकडून त्यांची पूजा व मिरवणूक होत असे; वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आणि मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे त्यावर बंधने आली. या परंपरेमुळे परिसराला नागाची ओळख चांगली आहे, पण तीच ओळख कधी अपुरी पडते : फणा नाही म्हणून घोणशीला अजगराचे पिल्लू समजून हात लावणारे लोक येथेही सापडतात.

रात्री शेतात जाताना गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, काठी आपटत चालणे आणि बॅटरी. घरात बाजेवर झोपणे व मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचणे. वैरणीची गंज आणि शेणी घरापासून दूर रचणे, एवढ्याने धोका बराच कमी होतो. शेतकऱ्याचा सर्पदंशाने मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांना २ लाख रुपये मिळू शकतात. त्यासाठी मृत्यूचे कारण दाखवणारी कागदपत्रे लागतात, आणि रुग्ण दवाखान्यापर्यंत न पोहोचताच दगावून परस्पर अंत्यविधी झाला, तर नेमकी तीच कुटुंबाच्या हाती उरत नाहीत.